सीट ओरिजनल हवी

हडपसरहून मांजरीकडे येताना रस्त्यालाच आमचं कुशनचं दुकान आहे. गाड्यांच्या सीटा, रिक्षांचे हूड, टेम्पोच्या ताडपत्र्या, असं सगळं काम. पुढे दुकान, मधे पडदा, आणि पडद्याच्या मागे मी. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी माझ्या हातात आरी दिली आणि चामडं शिवायला शिकवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण टाका एकसारखा येतो हे त्यांना आठ दिवसांत दिसलं होतं. तेव्हापासून मशीनला न जमणारं हातशिवणीचं काम माझ्याकडे.

गिऱ्हाईक आलं की मला बाहेर जायला नको वाटतं. बोलायची वेळ आली की तोंड कोरडं पडतं. ह्यांना ते माहीत आहे, म्हणून हे गिऱ्हाइकाला सांगतात, "आमचे कारागीर आत बसतात, त्यांना दाखवून येतो." लोकांना वाटतं, आत कुणी पिकल्या केसांचा बाबा असेल. एकदा दिवाळीला एका गिऱ्हाइकाने कारागिरांसाठी शर्टपीस पाठवला. हे हसले, आणि तो शर्ट स्वतःला शिवून घेतला. मला काही वाटलं नाही. त्या वेळी खरंच वाटलं नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी ती आली.

ती यवतमाळकडची. पुण्यात गाड्यांच्या आतल्या सजावटीचा काही कोर्स केलेली, वय चोवीस. ह्यांनी तिला कामावर ठेवलं, कारण आता गिऱ्हाइकाला आधी चित्र बघायला लागतं. ती टॅबवर बोट फिरवायची आणि सीट लाल व्हायची, निळी व्हायची, तिच्यावर चौकटी उमटायच्या. गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघायचं. दुकानाची पाटी बदलली, इंग्रजीत झाली. माझं पायमशीन मागे सरकवून तिथे काचेचं टेबल आलं. लोक तिला मॅडम म्हणायला लागले.

हे माणूस म्हणून चांगले आहेत, पण तोंडातून कधी "छान झालंय" निघणार नाही. मी शिवलेलं उलटंसुलटं करून बघतात आणि "हं" म्हणतात. तेवढं "हं" मला पुरायचं. तिने पहिल्यांदा एका जीपच्या सीटचं चित्र काढलं, तेव्हा मी पडद्यामागून ह्यांचा आवाज ऐकला. "व्वा! अगं, काय काढलंयस!" मी हातातला दोरा तोडला. तोडायची वेळ नव्हती, तरी तोडला.

बरं, ती वाईट असती तर सोपं झालं असतं. ती डबा उघडला की आधी मला द्यायची. "काकू, तुम्ही काहून मागंच बसता? या ना समोर. कोणी खाऊन राहिलं का तुम्हाला?" म्हणायची. मी नको म्हणायचे. ती हसत पुढे जायची आणि पुढून तिच्या हसण्याचा आवाज येत राहायचा. तिचं बोलणं, फोनवर दोन वाक्यांत माणसाला पटवणं, कुणाच्याही डोळ्यांत बघणं, हे सगळं मला पाहिजे होतं. मला नाही तर निदान तिला तरी नको होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

गेल्या वर्षी थंडीत ती गाडी आली. कोथरूडचे एक काका, नोकरीतून कधीच निवृत्त झालेले. त्यांची दोनच माणसं बसतील अशी, वरून उघडी, बसकी हिरवी परदेशी गाडी. जुन्या काळात शर्यतीला वगैरे पळायची म्हणे. रस्त्यावरची पोरं तिला बेडूक म्हणत. तिचं इंजिन दुसऱ्या गॅरेजात झालं होतं. आमच्याकडे फक्त सीटा आणि पावसात वर ओढायच्या घडीच्या छताचं कापड.

काकांबरोबर त्यांचा मुलगा आला होता. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पडद्यामागून मला दोघांचं सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, एसी बसवू, पॉवर स्टिअरिंग करू, एक स्क्रीन टाकू. सीट्स मस्त रेड लेदरमध्ये. गाडी चालवायला तरी मजा आली पाहिजे ना?"

"एसी बसवणार? वर छप्पर नाही तिला. सगळ्या कोथरूडला गार हवा देणार आहेस का?"

"बाबा, सीरियसली. वळवताना तुमचे खांदे दुखतात."

"खांदे माझे दुखतात ना? मग नवे खांदे बसव. गाडीला कशाला हात लावतोस?"

मुलगा वैतागून बाहेर फोनवर बोलायला गेला. तेव्हा काका ह्यांना म्हणाले ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "अहो, या सीटवर पस्तीस वर्षं बसतोय मी. तिला माझ्या पाठीचा खळगा पडलाय. नवीन सीटला तो खळगा पडेपर्यंत मी असणार आहे का?" हे तेव्हा मोजपट्टी शोधत होते आणि ती मुलाच्या मागे चित्र दाखवायला बाहेर गेली होती. ह्यांनी "बरोबर आहे साहेब" म्हटलं, पण ऐकलं मी एकटीनेच.

मुलगा जाताना तिला सांगून गेला, लाल करा. काम सुरू करायच्या आधी मी फोन करतो, एवढंच काका म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी फोन वाजला. हे नाना पेठेत माल आणायला गेलेले, ती जेवायला. मी फोन घेत नाही कधी, पण तो थांबेचना.

"कोण बोलतंय?"

"घरातून," मी म्हटलं.

"बरं. मग घरातल्यांनी दुकानातल्यांना एक निरोप द्यायचा. माझ्या मुलाचं काही ऐकायचं नाही. सीट ओरिजनल हवी मला. ओरिजनल म्हणजे काय ते कळलं ना?"

"हो."

"नक्की?"

"हो."

आणि मला कळलं होतंच. खळग्याचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. जी आहे तीच सीट, तेच चामडं, त्यांना ठेवायचं होतं.

पण आमच्या धंद्यात ओरिजनल म्हटलं की एकच अर्थ निघतो. डुप्लिकेट नाही ते ओरिजनल. गिऱ्हाईक विचारतं, लेदर ओरिजनल आहे ना? फोम ओरिजनल टाकणार ना? म्हणजे माल नवा, खरा, अस्सल. जुनं तसंच ठेवायला आमच्याकडे ओरिजनल कुणी म्हणत नाही. त्याला आम्ही जुनं म्हणतो.

संध्याकाळी ती आणि हे दोघं दुकानात होते तेव्हा मी पडद्यापाशी उभी राहून म्हटलं, "कोथरूडच्या काकांचा फोन होता. सीट ओरिजनल हवी म्हणाले."

ती टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे रेक्झिन नाही चालणार! सर, मी म्हणलं होतं ना तुम्हाला, हे लोक खऱ्या लेदरवालेच आहेत."

हे म्हणाले, "ओरिजनल म्हणजे ओरिजनल. डुप्लिकेट आपण लावतो का? उद्याच चांगलं कातडं बघून येतो."

माझ्या जिभेवर होतं, तसं नाही हो. अगदी टोकावर होतं. ती टॅब काढून लाल रंगाच्या छटा बघायला लागली. हे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. म्हणाले, "ही छान आहे. नाही नाही, ही जास्त छान." एका मिनिटात दोनदा छान. मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, काप तू. त्यांना येऊ दे, मग बघू तुझं तोंड कसं चालतं.

मी आत आले आणि पोळ्यांचं पीठ मळलं. नेहमीपेक्षा जास्त मळलं गेलं.

पुढचे चार दिवस मी बघत होते. तिने ड्रायव्हरच्या बाजूची सीट आधी घेतली. वर टॉवेलच्या कापडाचं कव्हर होतं, ते काढलं. खाली काळं रेक्झिन. तेही काढलं, तर आत मूळ चामडं, गुळाच्या रंगाचं. देवाच्या मूर्तीवरची शेंदराची खोळ गळाल्यावर आतून दगड दिसावा तसं. कडेने सगळी हातशिवण. मी भाजी निवडता निवडता उठून गेले आणि जवळून बघितलं. एवढ्या वर्षांत मी असे टाके बघितले नव्हते. वळणावर जिथे चामडं गोळा होतं, तिथेसुद्धा एक टाका लहान नाही की मोठा नाही. कुणी परदेशात बसून शिवलं असेल, बाई असेल, बाप्या असेल, देव जाणे. मला त्याचाही हेवा वाटला. आणि तिच्या हातात ब्लेड होतं.

अजून सांगता आलं असतं.

"काकू, बघा ना, किती सुंदर टाके आहेत," ती म्हणाली. "उसवायला जीव धजत नाही." आणि तिने उसवलं. अगदी सावकाश, एकेक टाका. चामड्याचे तुकडे वेगळे झाले तसे मागून खडूने आकडे टाकले, कारण त्यांच्यावरून नवीन चामडं कापायचं होतं. नवीन लाल चामड्याला वास छान होता. तिने चौकटी घातल्या, मशीन मारलं, आतलं जुनं भरण काढून बाजूला ठेवलं आणि नवा फोम भरला. सीट खरंच चांगली झाली होती, तेही लिहिलं पाहिजे. ह्यांनी पाच-सहा फोटो काढले.

दुसऱ्या सीटला हात लावायच्या आधी काका आले. गाडीच्या दाराशी उभे राहिले. एक सीट लालभडक, दुसरी टॉवेलच्या कव्हरातली.

"लग्न कुणाचं आहे?" काकांनी विचारलं.

हे हसायला गेले आणि थांबले. "साहेब, एक नंबर लेदर आहे. तुम्ही म्हणालात तसं, ओरिजनल."

"ओरिजनल? हे?"

"हो, काका," ती पुढे झाली, "जेन्युइन लेदर आहे. रेक्झिन अजिबात नाही. तुम्हीच फोनवर म्हणाले ना, ओरिजनल हवी म्हणून."

"अहो, ओरिजनल म्हणजे जी आहे ती! जी होती ती!" काकांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मराठीत बोललो असतो तर बरं झालं असतं. चूक माझीच."

ह्यांचा चेहरा उतरला. ती गोंधळून पडद्याकडे वळली. "काकू, फोन तुम्ही घेतला होता ना? असंच म्हणाले ना ते?"

मी पडद्याबाहेर आले. यायलाच लागलं. "असंच म्हणाले," मी म्हटलं.

यात एकही शब्द खोटा नव्हता. मला वाटलं, सुटले. ती बिचारी मान खाली घालून उभी होती. चार दिवस ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर उभं होतं, आणि मला जो आनंद व्हायचा होता तो झाला, थोडा झाला, खोटं कशाला बोलू.

पण काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "घरातून म्हणजे तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं. कळलं ना, नक्की ना. दोन्ही वेळा हो म्हणालात."

माझ्याऐवजी हे बोलले. हात जोडून बोलले. "साहेब, तिच्यावर रागावू नका. चौथी शिकलीय ती. तिला ह्यातलं काय कळणार? तुम्ही विचारलं, ती हो म्हणाली. कुणीही काहीही विचारलं तरी ती होच म्हणते."

ह्यांनी मला वाचवायलाच ते म्हटलं, हे मला दिसत होतं. काकांचा चेहराही सैल झाला, "असं होय" म्हणावं तसा. आणि ती, तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती. जाऊ द्या, काकूंना काय कळतं, अशी.

राग असता तर मी गप्प बसले असते. ती कीव मला सहन झाली नाही.

"मला कळलं होतं," मी म्हटलं.

"काय कळलं होतं?" हे.

"जुनीच ठेवायची म्हणून. काका पहिल्या दिवशी म्हणाले होते ना, पाठीचा खळगा पडलाय. मी ऐकलं होतं. मला कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी तिच्याकडे बघितलं, आणि बहुतेक तेवढ्यानेच तिला समजलं. तिचे डोळे मोठे झाले. मग तिने नजर काढून घेतली. हे एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले. ह्यांना कळलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

काका मात्र पुण्याचे. ते म्हणाले, "बरं. म्हणजे या दुकानात ज्यांना कळतं त्या सांगत नाहीत, आणि जे सांगतात त्यांना कळत नाही." मग जरा थांबून, "आता याचं करायचं काय? ते जुनं चामडं टाकून दिलंत?"

"नाही," ती म्हणाली. "सगळे तुकडे आहेत. नंबर टाकून ठेवले आहेत."

"परत शिवता येतील?"

"मशीनने नाही येणार. मशीनची सुई नवी भोकं पाडते, चामडं फाटेल. जुन्याच भोकांतून हाताने शिवावं लागेल."

काका ह्यांना म्हणाले, "मग तुमचे ते आतले कारागीर आहेत ना, त्यांना विचारा की."

हे लाल सीटवरची धूळ झटकायला लागले. एवढं सगळं झाल्यावर मी कोणत्या तोंडाने म्हणणार, की मी आहे?

"काका, कारागीर म्हणजे ह्याच," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, जरा तोडूनच म्हणाली. "दुकानातली सगळी हातशिवण काकूंची आहे. येईल त्यांना."

इतकी वर्षं जे ह्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मला स्वतःला सांगता आलं नाही, ते तिने सांगितलं. तेही माझ्यावर चिडलेली असताना. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हेसुद्धा हिच्याच तोंडून यायचं होतं का? माझं म्हणून जे काही होतं, ते पण हिनेच उचलून माझ्या हातात द्यायचं?

काकांनी मला विचारलं, "येईल का हो?"

"येईल," मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

ते काम मला सोळा दिवस पुरलं. चामडं वाळलेलं होतं, थोडं थोडं तेल चोळून आधी मऊ केलं. जिथे भोकं कमजोर झाली होती तिथे मागून पातळ अस्तर चिकटवलं. मग मेण लावलेला दोरा, दोन सुया, एक इकडून आणि एक तिकडून, त्या परदेशी माणसाने पाडलेल्या एकेका भोकातून. खळगा राहावा म्हणून आतलं जुनं भरणही जपून बसवलं. पहिले तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा पुढेच खायची. चौथ्या दिवशी तुकडे जुळवताना तिचे आकडे मला लागेनात, तेव्हा तिला बोलवावंच लागलं.

ती येऊन खाली बसली. सात नंबर, अकरा नंबर करत तुकडे लावून दिले. मग म्हणाली, "काकू, तुम्ही मला मारलं असतं तरी चाललं असतं. असं नको करायला होतं तुम्ही."

"हो," मी म्हटलं.

"मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही केलंस."

तिने थोडा वेळ वाट बघितली, मी अजून काही बोलेन म्हणून. मला पुढचं बोलता आलं नाही. इथे लिहिता येतंय, तेव्हा नाही आलं. मग ती उठून गेली.

सीट झाली तेव्हा काका येऊन बसले. दार लावलं, पाठ टेकली, मागेपुढे होऊन बघितलं. मुलगाही होता. तो म्हणाला, "बाबा, ती लाल सीट मस्त होती यार." काका म्हणाले, "ठेव तुझ्या गाडीत." मग टाक्यांवरून बोट फिरवत फिरवत वळणापर्यंत नेलं आणि मला विचारलं, "यातले कुठले तुमचे आणि कुठले मूळचे?"

"आता सगळेच माझे," मी म्हटलं. "भोकं तेवढी त्यांची."

ते मोठ्याने हसले. हेपण हसले. मी बाहेरच्या माणसाला हसवलं, असं पहिल्यांदाच झालं. त्या तिघांच्या मागे ती काचेच्या टेबलापाशी उभी होती. लाल चामड्याचं काढलेलं कव्हर घडी करून तिच्या हातात होतं. हे तिला विसरले होते. तिच्या चौकटींबद्दल, तिने जपून उसवल्याबद्दल, आकडे टाकल्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. ते आकडे नसते तर मला काहीच जमलं नसतं, हे मला माहीत होतं. मी म्हणू शकले असते. आता तर बोलता येत होतं.

ती माझ्याकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, मान जराशी ताठ. तो चेहरा मी लगेच ओळखला. दोन वर्षं मी तो आतून वागवत होते.

मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी बरं वाटलं, आणि ते बराच वेळ टिकलं.

काकांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं असावं. आता महिन्या-दोन महिन्यांनी कुणी जुनी गाडी घेऊन येतं आणि त्या हाताने शिवणाऱ्या बाई कुठे आहेत, म्हणून विचारतं. परवाही एक जण आला. ती टॅब उघडत होती, तो मिटवून ठेवत तिने पडद्याकडे हाक मारली, "काकू, तुमच्यासाठी." आवाज अगदी सपाट.

मी रिकामीच बसले होते. तरी मुद्दाम जरा उशिराने उठले.